पट आणि पोट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



कवितेच्या निमित्तानं आपल्या जिल्ह्यातल्या शाळांमधून माझं जाणं-येणं असतं. मुलांना कविता वाचून दाखवायची, त्यांच्या ऐकायच्या आणि निघताना गुरुजींबरोबर अर्धा कप चहा घ्यायचा. त्या चहाच्या वेळी हमखास एकच शब्द निघतो : पट. पट म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या. शिक्षक किती मिळणार ते पटावर ठरतं, अनुदान किती येणार ते पटावर, आणि शाळा राहणार की जवळच्या गावात विलीन होणार तेही पटावरच.

आज मला एवढंच सांगायचं आहे, की हा पट पोटाला बांधलेला आहे. गावात काम असलं की पट टिकतो. काम गेलं की माणसं जातात, माणसांमागे मुलं जातात आणि मुलांमागे पैसा जातो. म्हणजे ज्या गावाला सरकारी पैशाची सगळ्यात जास्त निकड, तिथूनच तो आधी काढता पाय घेतो.

थोडा हिशेब करू. समग्र शिक्षा योजनेत शाळेला वरखर्चासाठी संयुक्त शाळा अनुदान असतं. पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10 हजार रुपये. 31 ते 100 पर्यंत 25 हजार आणि 101 ते 250 पर्यंत 50 हजार. आता 10 हजारांना 365 नं भागा. दिवसाला सत्तावीस रुपये आणि वर काही पैसे. खडू, विजेचं बिल, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहाची सफाई, तुटलेली कडी, फुटलेला नळ, हे सगळं त्यात बसवायचं. पैसे उशिरा आले तर गुरुजींनी आधी आपल्या खिशातून घालायचे. विजेचं बिल थकलं की जोडणी तुटते आणि देणगीत मिळालेला संगणक कापड पांघरून बसून राहतो.

पट कमी म्हणून खर्च कमी, हे कागदावर बरोबर दिसतं. पण छपराला पट कळत नाही. बारा मुलांवर गळणारं छप्पर दुरुस्त करायला गवंडी जी मजुरी घेतो, तीच नव्वद मुलांवर गळणाऱ्या छपराला घेतो.

छपराचं नाव निघालं की नगर जिल्ह्यातल्या माणसाला निंबोडी आठवते. 28 ऑगस्ट 2017. नगर तालुक्यातल्या निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळलं आणि तीन मुलं गेली. त्यानंतर जिल्ह्यातल्या जुन्या वर्गखोल्यांची तपासणी झाली, धोकादायक खोल्यांची यादी निघाली. खोली पाडण्याचा निर्णय लवकर होतो, नवी बांधण्याचा निधी सावकाश येतो. मधल्या काळात कितीतरी ठिकाणी मुलं देवळात, समाजमंदिरात, झाडाखाली बसली. ज्या बापाला परवडत होतं, त्यानं अशा वेळी मुलाला पिवळ्या बसमध्ये बसवलं आणि तालुक्याच्या इंग्रजी शाळेत धाडलं. त्याला दोष कसा द्यावा? पण त्यानं पट आणखी उतरला.

आता पोटाकडे येऊ. आपला जिल्हा राज्यात क्षेत्रफळानं सगळ्यात मोठा, चौदा तालुक्यांचा. 1950 मध्ये प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले आणि त्यांच्यामागे हायस्कुलं, कॉलेजं, तंत्रनिकेतनंही आली. हाताला काम आलं की शाळेला पैसा कसा येतो, याचा धडा या जिल्ह्याच्या उत्तरेनंच घालून दिला आहे.

आणि याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांतली माणसं तो ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता आणि दिवाळीच्या आगेमागे गाव सोडायचं. परत येईस्तोवर पाडवा जवळ आलेला असतो. शाळेचं निम्मं वर्ष तिकडेच सरतं. आजी घरी असेल तर मूल गावात राहतं. सरकारनं त्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजनाही केली, म्हणजे मूल गावातच राहावं आणि त्याच्या जेवणाची सोय व्हावी. योजना चांगली आहे. पण माणसं दिवाळीला निघतात आणि मंजुरी, निधी मागून पोहोचतो. तोवर ट्रॅक्टर निघून गेलेला असतो, त्यात मूलही असतं. असं मूल नववी-दहावीत गळतं आणि पुढं त्याच्याही हातात कोयता येतो. कच्ची शाळा कच्चा रोजगार जन्माला घालते आणि कच्चा रोजगार शाळेला आणखी कच्ची करतो. हे चक्र फिरत राहतं.

दुसरी एक गोष्ट आपण विसरतो. शाळा ही स्वतःच गावातली रोजगाराची जागा असते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईला मानधन मिळतं, थोडं का होईना. आणि शिक्षकाची नोकरी तर शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुला-मुलीचं मोठं स्वप्न. एक काळ असा होता, की शेत गहाण टाकून लोकांनी मुलांना डी.एड. केलं. मग 2012 नंतर शिक्षकभरती अनेक वर्षं जवळजवळ ठप्प झाली. डिसेंबर 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, नेमणुका व्हायला 2019 उजाडलं. ज्यांची उमेद त्या वाटेवर खर्ची पडली, ते डी.एड. झालेले हात आज दुधाची किटली उचलतात, नाहीतर सुप्याच्या, रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटी पाळी करतात. कष्टाला कमीपणा नाही. पण 2023 च्या जुलैमध्ये रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना 20 हजार मानधनावर घेण्याचा निर्णय निघाला, तेव्हा या तरुणांना काय वाटलं असेल? एका बाजूला शिक्षक नसलेली शाळा, दुसऱ्या बाजूला शाळा नसलेला शिक्षक, आणि दोघंही एकाच गावात.

मी मराठीत लिहितो. आमच्या घरात दखनी बोलली जायची. मराठी मला जिल्हा परिषदेच्या शाळेनं दिली. तिच्या बळावर पुढं बी.ए. झालो. माझ्याबरोबर वर्गात बसणारे काही जण गॅरेजमध्ये गेले, काही फळांच्या गाड्यावर. ते माझ्याहून कमी हुशार नव्हते. सातवीनंतरची शाळा लांब होती आणि घरी खाणारी तोंडं जास्त होती, एवढाच फरक.

हे दुखणं आपलंच आहे असंही नाही. अमेरिकेत सरकारी शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा तिथल्या स्थानिक मालमत्ता करातून येतो. कारखाना बंद पडला की घरांची किंमत उतरते, कर आटतो आणि शाळेच्या खर्चाला कात्री लागते. रीत वेगळी, पण गोम तीच : पडत्याच्या पाठीत आणखी एक धक्का.

आणि हे दुखणं नवंही नाही. महात्मा फुले यांनी 1848 मध्ये नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि पुण्याला जाऊन मुलींसाठी शाळा काढली. त्याच फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हिशेब मागितला. रयतेकडून शिक्षणाच्या नावानं पट्टी वसूल होते, पण ती त्यासाठी खर्च होत नाही; दहातल्या नऊ गावांत शाळेची सोय नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पैसा कुणाकडून येतो आणि कुणाच्या मुलासाठी जातो, हा त्यांचा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. 1966 मध्ये कोठारी आयोगानं शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च व्हावा असं म्हटलं. तो टप्पा देशानं अजून गाठलेला नाही.

मग करायचं काय? राज्यानं 2017 च्या डिसेंबरात कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करण्याचं ठरवलं, नंतर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली आणि समूह शाळांची कल्पना पुढे आली. पट कमी का झाला, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही. राळेगणसिद्धीकडे पाहा. 1980 मध्ये अण्णा हजारे उपोषणाला बसले ते गावच्या शाळेच्या मंजुरीसाठी. पुढं त्या शाळेनं नापास झालेल्या मुलांना बोलावून घेतलं. हिवरेबाजारला 1989 नंतर पोपटराव पवारांच्या काळात पाणी अडलं, शेती उभी राहिली आणि गाव सोडून गेलेली कुटुंबं परत आली. माणसं परतली की मुलंही परततात. पट वाढवण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. शाळेचा किमान खर्च पटावर टांगू नका, शाळेच्या गरजेवर ठरवा. हंगामी वसतिगृहाचा पैसा दिवाळीच्या आधी पोहोचवा. रिकाम्या जागा भरा, त्या भरण्याजोगी मुलं-मुली गावोगाव बसून आहेत.

आणि आपल्याकडूनही एक गोष्ट व्हावी. 2022 च्या मार्चमध्ये मुदत संपून जिल्हा परिषदेवर प्रशासक आला, तेव्हा शाळेसाठी सभागृहात उठून बोलणारा आपला माणूस उरला नाही. ग्रामसभा मात्र कुणी बंद केलेली नव्हती. येत्या ग्रामसभेत रस्ता, गटार झालं की एकानं उठून विचारावं : आपल्या शाळेला यंदा किती पैसे आले, कधी आले, कशावर गेले? आणि लगेच दुसरा प्रश्न : यंदा किती घरं गाव सोडून जाणार आहेत आणि त्यांच्या मुलांचं काय? हे दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत, एकाच इतिवृत्तात यावेत. ते वेगवेगळे विचारले, म्हणून आजवर दोन्हींची उत्तरं मिळाली नाहीत.