लॅपटॉप वायफायला जोडत नाही : दोष शोधावा कोठे?



शासकीय कामकाजाचा फार मोठा भाग आता कागदावरून पडद्यावर गेला आहे. शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती युडायस प्लसवर भरावी लागते. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि जमाखर्च २०२० पासून ई-ग्रामस्वराजवर नोंदवला जातो. हे सारे काम कार्यालयाच्या वेळेतच पुरे होते असे नाही. किंबहुना, पुष्कळ ठिकाणी ते शिक्षकांच्या वा कर्मचाऱ्यांच्या घरी, रात्रीची जेवणे झाल्यावर, स्वतःच्या लॅपटॉपवर चालते ही वस्तुस्थिती आहे. साहजिकच घरातील वायफाय बंद पडणे ही आता केवळ घरगुती अडचण राहिलेली नाही.

समजा, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका प्राथमिक शिक्षिकेच्या घरी असा प्रसंग ओढवला. माहिती भरण्याचा शेवटचा दिवस. सहा मुलांच्या नोंदी तेवढ्या शिल्लक. रात्रीचे आठ वाजलेले. लॅपटॉप उघडला तर घरच्या वायफायचे नाव समोर दिसते, पण त्यावर बोट ठेवताच ‘या नेटवर्कशी जोडता येत नाही’ एवढेच एक वाक्य येते आणि पुढे काही नाही. हे वाक्य मोठे फसवे असते. दोष लॅपटॉपचा, राउटरचा की खांबावरून आलेल्या तारेचा, याविषयी ते अवाक्षर काढीत नाही.

अशा वेळी घरोघरी जे घडते तेच येथेही घडू लागते. यजमान सेफ्टी पिन घेऊन राउटरच्या पाठीमागील बारीक छिद्राकडे वळतात. दहा सेकंद दाबले की सगळे ठीक होते, असे कोणीतरी त्यांना सांगितलेले असते. ही पिन तेवढी थांबवली पाहिजे. ते छिद्र राउटर बंद-चालू करण्यासाठी नाही, तर त्यातील सर्व मांडणी पुसून तो कारखान्यातून निघाला त्या अवस्थेत नेण्यासाठी आहे. अनेक ठिकाणी जोडणी देणाऱ्या कंपनीचे ग्राहकनाम आणि परवलीचा शब्द राउटरमध्येच भरलेले असतात. ते पुसले गेले की लॅपटॉपबरोबर घरातील मोबाइल, दूरचित्रवाणी संच सारेच बंद पडते, आणि मग कंपनीचा माणूस सकाळी येईपर्यंत इलाज उरत नाही. एका उपकरणाचा दोष साऱ्या घराचा होतो तो असा.

या प्रसंगी उपयोगी पडतो तो शेजारचा अकरावीतला मुलगा. तो दारातूनच विचारतो, “काकू, तुमचा मोबाइल याच वायफायवर चालतोय का, ते आधी बघा ना.”

दोष शोधण्याची सारी रीत या एका प्रश्नात आली. लॅपटॉपपासून शासनाच्या संकेतस्थळापर्यंतची वाट म्हणजे एक साखळी आहे. खांबावरून घरात येणारी काचतंतूची तार, तिला जोडलेला राउटर, राउटर आणि लॅपटॉप यांमधील रेडिओलहरी, परवलीच्या शब्दाची देवघेव, राउटरने लॅपटॉपला दिलेला पत्ता, आणि शेवटी ते दूरचे संकेतस्थळ. कडी कोणतीही तुटली तरी माणूस म्हणतो ते एकच, “नेट चालत नाही.” म्हणून प्रथम साखळीचा कोणता भाग शाबूत आहे ते ठरवून तेवढा बाजूला काढावा. उरलेल्या लहान भागात दोष सापडणे सोपे जाते.

मात्र मोबाइलवरील तपासणीत एक खाचखळगा आहे. वायफाय बंद असले तरी मोबाइल गुपचूप स्वतःचा डेटा वापरू लागतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की वायफाय उत्तम चालले आहे. म्हणून आधी मोबाइल डेटा बंद करावा, वायफाय चालू ठेवावे आणि मग एखादे पान उघडावे. ते उघडले तर तार, राउटर आणि बाहेरची जोडणी तिन्ही निर्दोष ठरतात. न उघडल्यास लॅपटॉपला हात लावण्याचे कारणच नाही. राउटरवरचे दिवे पाहावेत. एलओएस या अक्षरांखालचा दिवा तांबडा झाला असेल, तर काचतंतूतून येणारा प्रकाशच घरापर्यंत पोहोचत नाही असे समजावे. तार कोठे मुडपली, उंदराने कुरतडली वा खांबावर तुटली, हे पाहणे कंपनीच्या माणसाचे काम आहे. घरी कितीही खटपट केली तरी तो दिवा विझणार नाही.

शिक्षिकाबाईंच्या घरी मोबाइल व्यवस्थित चालला. आता दुसरी, उलट बाजूची परीक्षा. मोबाइलचा डेटा पुन्हा चालू करून त्याचा हॉटस्पॉट सुरू करावा आणि लॅपटॉप त्याला जोडून पाहावा. जोडला गेला तर लॅपटॉपचे वायफाय यंत्रही ठीक आहे असा अर्थ होतो. या परीक्षेचा आणखी एक फायदा आहे, आणि घाईत तो बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. हॉटस्पॉट लागला की काम तत्काळ सुरू करता येते! सहा मुलांच्या नोंदींना फारसा डेटा लागत नाही. शेवटची तारीख असेल तर काम आधी उरकावे, दुरुस्ती मागाहून करावी. हॉटस्पॉटची लहर लॅपटॉपला सापडत नसल्यास चार्जिंगच्या वायरीने मोबाइल लॅपटॉपला जोडून, मोबाइलमधील यूएसबी टेदरिंग चालू करूनही तोच डेटा वापरता येतो. अर्थात गावात मोबाइलची रेंजच नसेल तर हा मार्ग बंद आहे, आणि आजही अशा वाड्यावस्त्या आहेत.

बाईंचा लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडला गेला. म्हणजे राउटर चांगला, लॅपटॉप चांगला, तरी दोघांचे एकमेकांशी जमत नाही. येथे दोघांमधील बोलणीच फिसकटली आहेत हे उघड झाले. याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे परवलीचा शब्द मध्यंतरी बदलला गेला आणि लॅपटॉप जुनाच शब्द पुढे करीत राहिला. यावर उपाय असा की, लॅपटॉपमधील वायफायच्या यादीतून घरच्या जोडणीचे नाव ‘फरगेट’ करून काढून टाकावे आणि नव्याने शब्द भरावा. भरताना इंग्रजी लहानमोठी अक्षरे, शून्य आणि ओ यांची गल्लत होते, म्हणून टिंबांऐवजी अक्षरे दाखवणारे डोळ्याचे चिन्ह दाबून शब्द डोळ्यांनी वाचावा.

तसे करूनही जोडले गेले नाही. मग बाईंना आठवले की गेल्याच आठवड्यात राउटर बदलला होता. बसवणाऱ्याने सोयीसाठी नाव आणि शब्द दोन्ही पूर्वीचेच ठेवले होते, त्यामुळे काही बदलले आहे हे घरात कोणाच्या ध्यानी आले नाही. बदलला होता तो सुरक्षेचा प्रकार. वायफायवरून जाणारा मजकूर कोणी मधल्या मधे वाचू नये यासाठी त्याला गुप्त लिपीचे कुलूप असते. डब्ल्यूपीए२ या नावाचे कुलूप २००४ मध्ये आले आणि डब्ल्यूपीए३ हे अधिक मजबूत कुलूप २०१८ मध्ये. नव्या राउटरवर केवळ डब्ल्यूपीए३ ठेवलेले असेल, तर नवा मोबाइल ते उघडतो. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपला मात्र ती किल्लीच ठाऊक नसते. शब्द अचूक असूनही दार उघडत नाही ते यामुळे.

उपाय राउटरच्या मांडणीतच आहे. राउटरला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की त्याचे स्वतःचे पान उघडते. हा पत्ता आणि प्रवेशाचा शब्द बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो. १९२.१६८.१.१ हा पत्ता पुष्कळ ठिकाणी आढळतो. तेथे वायफायच्या सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र निवडावा. जुने व नवे दोन्ही प्रकारचे यंत्र त्यावर जोडले जाते. काही जण याऐवजी कुलूपच काढून टाकतात आणि वायफाय सर्वांना मोकळे ठेवतात. हा उपाय रोगापेक्षा भयंकर होय. जोडणी ज्याच्या नावावर आहे, तिचा गैरवापर झाल्यास पहिली चौकशी त्याच्याकडेच येते.

बाईंचे काम येथे झाले. परंतु प्रत्येक घरचा दोष हाच असेल असे नाही, यास्तव इतर काही कारणेही जाणून घेणे इष्ट ठरेल.

वायफायचे नाव लॅपटॉपला दिसतच नसेल, तर प्रथम विमान चिन्हाची कळ पाहावी. धूळ झटकताना वा लहान मुलाच्या हातून ती दाबली गेली की रेडिओ बंद होतो. तेथे काही नसल्यास लहरींचा विचार करावा. वायफाय मुख्यत्वे दोन पट्ट्यांवर चालते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली सावकाश पण लांब जाते, दुसरी वेगवान पण भिंतींपुढे लवकर दमते. काळ्या दगडाच्या जुन्या वाड्यात, जाड मातीच्या भिंतीपलीकडे, किंवा मध्ये लोखंडी कपाट असेल तर ५ गिगाहर्ट्झची लहर माजघरापर्यंत पोहोचत नाही. शिवाय काही जुन्या व स्वस्त लॅपटॉपना ही पट्टी मुळीच दिसत नाही. राउटर कपाटात वा दूरचित्रवाणी संचामागे न ठेवता उंचावर, मोकळ्या जागी ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

अधिकारीवर्गाने एका गोष्टीची विशेष नोंद घ्यावी. काही कार्यालयांत प्रत्येक संगणकाला ठरावीक पत्ता हाताने भरून दिलेला असतो. तोच लॅपटॉप घरी आणला की तो कार्यालयाचाच पत्ता सांगत बसतो. वायफाय जोडलेले दिसते, पान मात्र उघडत नाही. जोडणीच्या मांडणीत पत्ता ‘आपोआप घ्यावा’ असे केले की अडचण मिटते. मात्र बदलण्यापूर्वी जुने आकडे कागदावर उतरवून घ्यावेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी कार्यालयात तीच रडकथा सुरू होते. याउलट, आपोआप घेण्याची सोय असूनही पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि लॅपटॉपने वाट पाहून स्वतःच एक मनाने घेतला, असा त्याचा अर्थ होतो. राउटरचे बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करावे, आणि लॅपटॉपही ‘रीस्टार्ट’ करावा. नुसता ‘शट डाउन’ पुरत नाही, कारण विंडोजच्या नव्या आवृत्त्या लवकर सुरू होण्यासाठी मागील स्थितीचा काही भाग जपून ठेवतात आणि त्याबरोबर दोषही जपला जातो.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर उघडलेल्या लॅपटॉपचा एक वेगळाच दोष असतो. आतील घड्याळाचा सेल संपल्यामुळे तारीख काही वर्षे मागे गेलेली असते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जातात. तारीख चुकली की जोडणी असुरक्षित असल्याचा इशारा येतो आणि माणूस वायफायला दोष देतो. कोपऱ्यातील घड्याळाकडे एक नजर टाकली तर हा घोटाळा मिनिटात कळतो.

आणि कधी कधी आपल्या घरी काहीच बिघडलेले नसते. इतर सर्व पाने उघडतात, शासनाचे तेवढे संकेतस्थळ उघडत नाही. शेवटच्या तारखेला हजारो जण एकाच वेळी तेथे गर्दी करतात, त्याचा हा परिणाम असू शकतो. तेव्हा राउटरशी झटापट न करता रात्री उशिरा वा पहाटे प्रयत्न करावा, आणि आलेल्या त्रुटीचे वेळेसह छायाचित्र काढून वरिष्ठांकडे पाठवावे. मुदतवाढीच्या विनंतीला तोच पुरावा होतो.

मदत मागतानाही सावध राहिले पाहिजे. इंटरनेटवर शोधून सापडलेला ‘ग्राहक सेवा’ क्रमांक खरा असेलच असे नाही. पलीकडच्याने मोबाइलवर एखादे अॅप घ्यायला सांगून पडदा पाहण्याची परवानगी मागितली, किंवा ओटीपी विचारला, तर फोन तत्क्षणी ठेवावा. वायफाय दुरुस्तीसाठी बँकेच्या खात्याची गरज कधीच नसते. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

खरा तक्रार क्रमांक देयकावर असतो. तो, ग्राहक क्रमांक, राउटरचे नाव, ग्राहकनाम, आणि शेवटचा बदल कोणत्या तारखेला कोणी केला, एवढे एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. बाईंच्या घरी सहाव्या मुलाची नोंद पूर्ण व्हायला साडेदहा वाजले. त्यानंतर त्यांनी हा कागद लिहिला आणि त्याच्या तळाशी एक ओळ घातली : ‘पिन लावू नये.’