निनावी पूर्वजांचा शोध
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



कुलवृत्तान्ताचे काम मंडळाने आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही प्रथम नाशिकला जाऊन तीर्थोपाध्यायांची वही पाहिली. एका बैठकीत सहा पिढ्यांची नावे हाती आली. धन्यता वाटली. परंतु ज्यांची वही कोणी ठेवलीच नाही, त्यांनी पूर्वज कोठे शोधावे? अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांपुढे हाच प्रश्न आहे.

त्या देशात १८५० व १८६० च्या खानेसुमारीत गुलामांची यादी निराळी केली. तीत नाव मालकाचे. खाली गुलामाचे केवळ वय, लिंग व वर्ण. १८६० साली असे सुमारे ४० लक्ष जीव होते. थोडे अपवाद सोडले तर नाव कोणाचेच नाही. १८६५ साली गुलामगिरी नष्ट झाली आणि १८७० च्या खानेसुमारीत ही माणसे प्रथमच आपापल्या नावानिशी कागदावर आली. वंशज मागे मागे जात तेथवर पोचतो, त्यापलीकडे अंधार. मग मुक्त गुलामांसाठी १८६५ ते १८७२ पर्यंत चाललेल्या सरकारी खात्यातील विवाहनोंदी व मजुरीचे करार, त्यांच्या बचत पेढीची खातेपुस्तके, आणि शेवटी जुन्या मालकाचे मृत्युपत्र चाळावे लागते. मालमत्तेच्या यादीत बैल, नांगर, आणि त्याच ओळीत किंमतीसह आपली पणजी! ते वाचताना वंशजाच्या मनाचे काय होत असेल?

तेथील मूळ रहिवाशांची कथाही याला जोडलेली आहे. चेरोकी, चोक्टॉ, चिकासॉ, क्रीक व सेमिनोल या पाच जमातींतही काहींनी आफ्रिकी गुलाम बाळगले होते. १८९८ पासून डॉझ आयोगाने या जमातींचे पट तयार केले. जमातीच्या रक्ताच्या लोकांचा पट वेगळा, मुक्त गुलामांचा वेगळा. पहिल्यात रक्ताचा अंश लिहिला; दुसऱ्यात तो लिहिलाच नाही. मिश्र रक्ताच्या पुष्कळांस केवळ रूप पाहून दुसऱ्या पटात घातले. त्यामुळे पणतवंडांस हक्कासाठी झगडावे लागले. चेरोकी राष्ट्रातील मुक्त गुलामांच्या वंशजांचा नागरिकत्वाचा हक्क न्यायालयाने उचलून धरला, तो २०१७ साली!

त्या कारकुनांस दोष देणे सोपे आहे. परंतु आम्ही आपली वंशावळ पुन्हा उघडली, तो सहाही पिढ्यांत एकाही स्त्रीचे नाव नाही. आमची एक आत्या ज्ञातीबाहेर विवाह करून गेली. वडीलधाऱ्यांनी तिचा उल्लेखच सोडला, आणि आम्हीही नक्कल उतरविताना तो सोडला होता. परवा ते नाव आम्ही आपल्या हाताने लिहिले.

आपणांस विनंती एवढीच: आजी, पणजी, त्यांची माहेरे, दुरावलेल्या लेकी, सर्वांची नावे ठाऊक असतील तोवर लिहून मंडळाकडे धाडा. कागदाने विसरलेले माणूस शोधण्यास पिढ्यान् पिढ्या लागतात. लिहिण्यास एक ओळ पुरते.