नसबंदीनंतरची परतवाट

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. पुढे काही महिन्यांनी त्या भागातला एक शेतकरी बायकोसह माझ्याकडे आला. त्यांची दोन्ही मुलं ढिगाऱ्याखाली गेली होती. नसबंदीला दहा वर्षं झाली होती. त्यानं एवढंच विचारलं, "डॉक्टरसाहेब, बांधलेली नस सुटती का?"

तेव्हा त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो. वृषणात तयार झालेले शुक्राणू दोन बारीक नळ्यांतून पुढे जातात. या शुक्रवाहिन्या. नसबंदीत त्या कापून बंद करतात. वृषणाला धक्का लागत नाही. शुक्राणू तयार होतच राहतात आणि शरीरातच जिरतात. पुरुषी संप्रेरक थेट रक्तात मिसळतं, म्हणून ताकद आणि कामेच्छा कायम राहतात. वीर्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असल्यानं तेही जवळपास तेवढंच येतं. मात्र पुढच्या मार्गात आधीचे शुक्राणू उरलेले असतात. म्हणून तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्याची तपासणी करूनच निर्धास्त व्हायचं.

मग नस पुन्हा जोडता येते का? येते. पण वाट बंद असताना मागे दाब वाढतो. वृषणाला लागून असलेली नाजूक नळी कधी कधी तुंबते. काहींच्या शरीरात शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडंही तयार होतात. जितका काळ जास्त, तितकी आशा कमी. अमेरिकेत सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या अशा १,४६९ शस्त्रक्रियांचे निष्कर्ष १९९१मध्ये प्रसिद्ध झाले. नसबंदीनंतर तीन वर्षांच्या आत पहिल्यांदा जोडणी केलेल्यांपैकी ७६ टक्के जोडप्यांत गर्भ राहिला. नऊ ते चौदा वर्षांनी हे प्रमाण ४४ टक्के होतं, तर पंधरा वर्षांनंतर ३० टक्के. शिवाय पत्नीचं वयही वाढलेलं असतं.

त्या शेतकऱ्याची नस मी जोडली. काही महिन्यांनी वीर्यात शुक्राणू दिसले. त्या दिवशी दोघं हसत घरी गेले. मूल मात्र झालं नाही. वर्षभर ते येत राहिले, मग यायचे थांबले.

म्हणून सांगतो, नसबंदीनं अशक्तपणा येतो ही भीती सोडा. स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा ही सोपी आहे. पुरुषांनी पुढे यावं. पण "लागलं तर जोडून घेऊ" या भरवशावर करू नका. नवराबायकोनं बसून पुरता विचार करावा आणि हा निर्णय कायमचा समजूनच घ्यावा.