जंपर, झंपर आणि मी



मी मराठीत कविता लिहितो आणि बी. ए. आहे. बी. ए.ला इंग्रजी सक्तीचं होतं आणि त्यात मला गुणही बरे मिळाले होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण आता जी फजिती सांगणार आहे ती या पदवीसकट झाली.

2023च्या डिसेंबरात आम्ही दोघं नवरा-बायको मुलीकडे इंग्लंडमध्ये, लीड्सला गेलो होतो. नातवासाठी बायकोने स्वतः विणलेला लोकरीचा स्वेटर नेला होता. एका दुपारी मायलेकी बाजारात गेल्या, जावई कामावर. घरात मी आणि चार वर्षांचा नातू. डिसेंबरात तिथे चारच्या आत दिवस मावळतो. अंधार पडला आणि पोराने रडायला सुरुवात केली. "जंपर इची, नाना, जंपर इची!" आमची दखनी त्याला थोडीफार समजते, पण तो रडतो मात्र त्याच्या बालवाडीच्या इंग्रजीत.

मी कान देऊन ऐकलं. 'इची' म्हणजे आमच्याकडच्या खेड्यातल्या बोलीत 'हिची'. आणि माझ्या लहानपणी शेजारपाजारच्या आज्या पोलक्याला 'झंपर' म्हणायच्या. पोराला आईची आठवण आली असणार, असा अर्थ मी लावला. मुलीचा एक कुडता शोधून आणला आणि त्याच्या अंगावर घातला. रडणं वाढलं. मग वाटलं, थंडी वाजत असेल. म्हणून स्वेटर गळ्यापर्यंत नीट ओढला आणि वरून शाल गुंडाळली.

अर्ध्या तासाने मुलगी आली. तिने एका झटक्यात स्वेटर काढला. पोराची मान लालेलाल झाली होती. ती म्हणाली, "अब्बा, इथे जंपर म्हणजे स्वेटर. आणि इची म्हणजे खाज सुटलीय. लोकर टोचतेय म्हणून सांगत होता तो तुम्हाला."

पोराने दोन शब्दांत सगळं सांगितलं होतं. ते दोन शब्द माझ्या पदवीत नव्हते. पत्नी काही बोलली नाही. तिने स्वेटर घडी करून पिशवीत ठेवला. त्या घडीकडे पाहणं मला जड गेलं.

आमच्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. ते पहिलीपासून सुरू झालं 2000 साली. आम्ही शिकलो ते निबंध, अर्ज, कवितेचा सारांश आणि कर्तरी-कर्मणी. रजेचा अर्ज मी आजही झोपेत लिहून देईन. पण खाज, उचकी, पोटरी, पोचारा, चाळणी, ओटा, यांना इंग्रजीत काय म्हणतात हे आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्हीही कोणाला विचारलं नाही. दिवाणखान्यात बसण्यापुरतं इंग्रजी आम्हाला आलं. स्वयंपाकघरात आमचा प्रवेश झालाच नाही.

परत आल्यावर शेजारच्या कॉलेजातल्या मुलाने मला मोबाइलवर व्हिडिओ लावून दिले. परदेशात राहणारी साधी माणसं आपला दिवस त्यात दाखवतात. एक बाई सकाळी उठते, किटलीत पाणी भरते, भांडी विसळते, कपडे मशिनमध्ये टाकते, मुलाला शाळेत सोडते, दुकानातून भाजी आणते. गोष्ट अशी काहीच नाही. पण ती हातात जी वस्तू घेते तिचं नाव तोंडाने घेते. मला तेच हवं होतं.

पहिल्या आठवड्यात कळलं की आपल्याला अडवतात ते मोठे शब्द नव्हेत, छोटे. पुट ऑन, पुट अवे, रन आउट, टर्न डाउन. यातले सुटे शब्द पाचवीतल्या मुलाला येतात, पण दोन एकत्र आले की अर्थ बदलतो. दूध 'रन आउट' झालं म्हणजे ते पळालं नाही, संपलं. क्रिकेटमुळे माझी समजूत वेगळी होती.

दुसरी गंमत क्रियापदांची. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, शाल पांघरतो, पागोटं बांधतो, गजरा माळतो. इंग्रजी माणूस हे सगळं एकाच 'वेअर'वर भागवतो. मला जरा अभिमान वाटला. पण पुढच्याच व्हिडिओत बाई स्वयंपाकाला लागली. आपण ज्याला नुसतं भाजणं म्हणतो त्याला तिच्याकडे रोस्ट, बेक, टोस्ट आणि ग्रिल असे चार शब्द निघाले. जिथे ज्याचा वावर जास्त, तिथे शब्द जास्त.

काही वाक्यांमागे तर अख्खा कायदा असतो. दुकानात गल्ल्यावर हमखास विचारतात, पिशवी हवी का? लीड्सला मी प्रत्येक वेळी कौतुकाने हो म्हणत होतो. इंग्लंडमध्ये 2015च्या ऑक्टोबरपासून मोठ्या दुकानांना प्लास्टिकच्या पिशवीचे पाच पेन्स घ्यावे लागू लागले आणि 2021च्या मेपासून सगळ्याच दुकानांना दहा. म्हणजे तो आदरसत्कार नव्हता, हिशेब होता. तसंच शेजारी 'ऑल राइट?' म्हणतो तेव्हा तो तब्येत विचारत नाही, तो त्याचा नमस्कार असतो. मी त्याला गुडघेदुखी सांगत होतो. आणि 'हाफ सेव्हन' म्हणजे साडेतीन नव्हे, साडेसात.

माझी पद्धत सांगतो, कोणाला उपयोगी पडली तर. व्हिडिओ पाच मिनिटांहून मोठा घ्यायचा नाही. पहिल्यांदा नुसता बघायचा. दुसऱ्यांदा पाऊण पट वेगाने, खालची अक्षरं लावून. ही अक्षरं यंत्र आपोआप उमटवत असेल तर चुकतं, म्हणून त्यांवर डोळे झाकून विश्वास नको. तिसऱ्यांदा थांबवत थांबवत, तिच्या मागोमाग मोठ्याने बोलायचं. मग वहीत पाचच शब्द, तेही वाक्यासकट. आणि दुसऱ्या दिवशी आपल्या घरात ती वस्तू हातात धरून तिचं नाव घ्यायचं. बोलणारा कुठल्या देशाचा आहे तेही पाहावं. इंग्लंडमधला जंपर म्हणजे स्वेटर, अमेरिकेत तोच शब्द बिनबाह्यांच्या झग्याला. आमच्या आज्यांचं पोलकं धरलं तर एका शब्दाची तीन कापडं झाली.

एक मर्यादाही सांगायला हवी. व्हिडिओतली बाई आपल्याशी बोलत असते, पण आपलं ऐकत नाही. म्हणून दर रविवारी नातवाशी बोलताना मी आठवड्याचे शब्द वापरून बघतो. तो चुका काढतो. कडक मास्तर आहे.

हे सगळं करताना मला पुन्हा पुन्हा माझं लहानपण आठवतं. आमच्या घरात दखनी. मराठी शाळेत होती, पण ती पुस्तकातली. बेलनाला लाटणं म्हणतात, कैचीला कात्री म्हणतात, हे मला शाळेने शिकवलं नाही. ते शेजारच्या मावशींनी शिकवलं. त्या पोळ्या लाटायच्या, मी उंबऱ्याशी बसायचो. उलथनं दे, झारा दे, पळी दे, असं सांगायच्या आणि मी चुकीची वस्तू दिली की हसून बरोबर नाव सांगायच्या. पुढे मी मराठीत लिहू लागलो, त्याची सुरुवात त्या उंबऱ्यावर झाली. आता साठीकडे झुकताना मी पुन्हा तसाच एका परक्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो आहे. फक्त उंबरा मोबाइलचा आहे.

गेल्या हिवाळ्यात पत्नीने त्या स्वेटरची बेतशीर उसवण केली, तो थोडा मोठा केला आणि आतून मऊ सुती अस्तर लावलं. ती शिवत होती तेव्हा मी मोबाइल धरून व्हिडिओ काढला. सुई, दोरा, कात्री, अस्तर. प्रत्येक वस्तू दाखवून मी तिचं नाव आधी इंग्रजीत घेतलं, मग दखनीत, मग मराठीत. अस्तर दखनीतही अस्तर आणि मराठीतही अस्तर. शेवटी स्वेटर उलटा करून, त्यावर हात फिरवून सांगितलं, "नॉट इची."

पार्सलच्या आधी व्हिडिओ पोचला. रविवारी नातवाने विचारलं, "नाना, इचीला तुमच्यात काय म्हणतात?"

मी म्हटलं, "खाज."

तो दोनदा म्हणाला, खाज, खाज, आणि मान खाजवून दाखवली.