भंगारातून बळ : कबड्डीच्या सरावाची घरगुती साधने
(बडोद्यातील आपल्या गणेशोत्सवात, कबड्डी संघातील मुले व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेले भाषण)



आरती झाली आहे, प्रसाद अजून वाटायचा आहे. अशा वेळी लांबलचक भाषण कोणाला आवडत नाही हे मी जाणतो. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

उत्सवानंतर जी रक्कम शिल्लक राहील तिचे काय करायचे, यावर कार्यकारिणीत दोन मते आहेत. एक मत म्हणते, मुलांसाठी मल्टिजिमचे यंत्र घ्यावे. दुसरे मत माझे. वजनाची साधने मुलांनी स्वतः बनवावीत आणि सगळा पैसा मॅटवर घालावा. यंत्रावर माणूस बसतो आणि ठरलेल्या रुळावर वजन वर-खाली करतो. कबड्डीत गुडघे वाकवून, जमिनीला पाय रोवून, हलत्या माणसाला रेटायचे असते. शिवाय बारा मुलांचा संघ आणि यंत्र एक, म्हणजे निम्मा वेळ रांगेतच जायचा.

आपल्या गावाला हे नवे नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रोफेसर माणिकराव ही नावे बडोद्यात कोणाला सांगायला नकोत. मुजुमदारांनी संपादलेला ‘व्यायामज्ञानकोश’ मराठीतून, दहा खंडांत, याच शहरातून निघाला. त्या आखाड्यांतली गदा, जोडी, नाल, सुमतोला ही सारी साधने सुतार आणि पाथरवट बनवत असत.

वजनापासून सुरुवात करू. एक लिटर पाणी एक किलो, एक लिटर कोरडी वाळू साधारण १.६ किलो आणि एक लिटर काँक्रीट साधारण २.४ किलो. एवढे पाठ केले की तराजूवाचून काम चालते. सहा लिटर वाळू म्हणजे जवळजवळ दहा किलो. ती आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, मग जुन्या जीन्सच्या एका पायात घालून दोन्ही टोके शिवा. वाळू ओली नको, कापड कुजते. चाळीस किलोचे एक पोते करण्यापेक्षा दहाच्या चार पिशव्या करा, म्हणजे आठवीतला मुलगाही त्या वापरू शकेल.

गदेला मात्र वेळ द्या. जुना प्लास्टिकचा चेंडू कापून त्याचा साचा करा. सोळा सेंटिमीटर व्यासाचा गोळा पाच किलोचा होतो आणि वीस सेंटिमीटरचा दहा किलोचा. व्यास चारच सेंटिमीटरने वाढला, पण वजन दुप्पट झाले! मुले नेहमी मोठा चेंडू शोधतात, म्हणून मुद्दाम सांगतो. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग बारीक खडी. दांडा जीआय पाइपचा घ्या. त्याच्या टोकाशी दोन आरपार भोके पाडून त्यांत आडवे बोल्ट बसवा आणि ते टोक काँक्रीटमध्ये पुरा. बोल्ट नसतील तर एक दिवस गोळा दांड्यावरून निसटेल, आणि गदा डोक्यामागून फिरते हे विसरू नका. सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि अठ्ठावीस दिवस झाल्याशिवाय हात लावू नका. आपल्या मुलांना हे अठ्ठावीस दिवसच सर्वांत जड जातील.

आता रेटण्याचे साधन. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे तो अंगाला अंग भिडवून खेळतात त्या फुटबॉलमध्ये, पुढच्या फळीचे धिप्पाड गडी गादी लावलेली घसरगाडी ढकलून सराव करतात. त्या खेळातले प्रसिद्ध प्रशिक्षक एमॉस अलोंझो स्टॅग यांनी १८८९ च्या सुमारास गुंडाळलेल्या गादीचा पुतळा करून पकडीचा सराव सुरू केला, असे श्रेय त्यांना दिले जाते. म्हणजे तिकडेही सुरुवात घरातल्या गादीनेच झाली! आपण ट्रकचा जुना टायर आडवा ठेवू, त्यावर जाड फळी बोल्टने आवळू, फळीवर दोन उभे दांडे आणि त्यांना मागून तिरके टेके देऊ. दांड्यांमध्ये आडवी पट्टी, तिच्यावर स्कूटरची जुनी ट्यूब आणि वर गोणपाट. पट्टी कमरेइतकीच उंच ठेवा. ती छातीशी आली तर गाडी उलटते आणि मुलगा ताठ उभा राहून ढकलायला शिकतो. वजन म्हणून वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, धाकट्या भावाला बसवायचे नाही.

खाली वाकून हलण्यासाठी दोन खांबांमध्ये छातीच्या उंचीवर सुतळी बांधा आणि तिच्याखालून एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरका. डोके सुतळीला लागले की पुन्हा पहिल्यापासून. घोट्याची पकड शिकायला जीन्सचा दुसरा पाय चिंध्यांनी भरा. त्यात वाळू नको, बोटे दुखावतात.

पालकांनी मात्र दोन ठिकाणी हात आखडता घेऊ नये. पहिले, डोक्यावर टांगलेली वस्तू. पंख्याचा हूक पंख्यासाठी असतो. लटकून झोके घेणाऱ्या मुलाचा भार त्यावर टाकू नका. दोर टांगायचा तर इमारतीची तुळई अभियंत्याला दाखवूनच. दोर सुती हवा, नायलॉनने तळहात सोलतात. दुसरे, पायाखालची जमीन. पार्किंगच्या फरशीवर घरातल्या गाद्या पसरून पकडी शिकवणे मला अजिबात मान्य नाही. गाद्यांच्या फटीत पाय मुरगळतो आणि कापसाच्या गठ्ठ्यांमधून डोके थेट फरशीवर आदळते. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटरचे असते. तेवढे मॅट एका वर्षात जमणार नाही, पण पकडीपुरता कोपरा नक्की जमेल. तोवर माती चाळून, भुसभुशीत करून, रोज फावड्याने उकरलेले मैदान फरशीपेक्षा शंभर पटींनी बरे.

मांडवाच्या बांबूंवर कोणी डोळा ठेवू नये, ते मांडववाल्याला परत जायचे आहेत. पण टायर, जीन्स, चेंडू आणि गोणपाट ज्यांच्या घरी पडून असेल त्यांनी विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता घेऊन यावे. बोल्ट आणि सिमेंट मी आणतो. कार्यकारिणीने मॅटचा निर्णय त्याच दिवशी कळवला तर फार बरे होईल.

गणपती बाप्पा मोरया!