राष्ट्रपतिभवनाची चर्चा आणि गावची शाळा

(गडमुडशिंगी, ता. करवीर येथील विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा लेखी गोषवारा)



२०१७ चा जुलै महिना आठवा. एका बाजूला रामनाथ कोविंद, दुसऱ्या बाजूला मीरा कुमार. राष्ट्रपतिपदाचे दोन्ही प्रमुख उमेदवार अनुसूचित जातीचे. वस्तीवस्तीत, चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर एकच वाद. आपला खरा कोण? कुणी कुणाला कशासाठी उभे केले? कोविंद ७,०२,०४४ मतमूल्याने निवडून आले, मीरा कुमार यांना ३,६७,३१४ मिळाली. निकाल लागला, पण वाद काही मिटला नाही. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांचे नाव पुढे आले तेव्हा पुन्हा तोच सूर. कोणी म्हणाले, आदिवासींचा सन्मान झाला. कोणी म्हणाले, नुसता देखावा.

असा वाद घालणे वाया गेलेला वेळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या पाणवठ्यावर हात लावता येत नव्हता, त्यांच्यातला माणूस तिन्ही सैन्यदलांची सलामी घेतो, याला महत्त्व आहेच. त्याने पोराच्या पाठीचा कणा ताठ होतो. ज्यांना कधीच कमी लेखले गेले नाही त्यांनी याला 'प्रतीकाचे राजकारण' म्हणून नाक मुरडावे, हे आम्हाला पटत नाही.

पण १९९७ साल बघा. के. आर. नारायणन विरुद्ध टी. एन. शेषन. महाराष्ट्रात तेव्हा युतीचे सरकार होते. त्यातल्या भाजपने नारायणन यांना पाठिंबा दिला, शिवसेनेने शेषन यांना. १४ जुलैला मतदान झाले आणि नारायणन सुमारे ९५ टक्के मतमूल्याने विजयी झाले. देशाला पहिला दलित राष्ट्रपती मिळाला. आणि त्याच्या तीनच दिवस आधी, ११ जुलैला, मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध रस्त्यावर आलेल्या आपल्या माणसांवर गोळीबार होऊन दहाजण ठार झाले. एकाच आठवड्यातल्या या दोन गोष्टी. दिल्लीतल्या सर्वोच्च खुर्चीने रमाबाई नगरातली एकही गोळी अडली नाही. खुर्ची आणि वस्ती यांच्यामध्ये किती अंतर आहे, ते त्या आठवड्याने दाखवून दिले.

नारायणन स्वतः शोभेचे राष्ट्रपती नव्हते, हेही सांगितले पाहिजे. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची मंत्रिमंडळाची शिफारस त्यांनी १९९७ मध्येच फेरविचारासाठी परत पाठवली. सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जाती-जमातींचे न्यायाधीश का नाहीत, हा प्रश्न त्यांनी फाईलवर लेखी उपस्थित केला, त्यावर मोठे काहूर माजले. तरी घटनेप्रमाणे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात. तेव्हा 'आपला माणूस तिथे बसला, आता आपले काम झाले' हा हिशेब मुळातच चुकतो.

आता हे लोक तिथवर पोचले कसे? नारायणन केरळातल्या उळवूरचे. भातखाचरांतून मैलोन्‌मैल चालत शाळेला जायचे. फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभे राहून धडा ऐकायचे. कोविंद कानपूर देहातमधल्या परौंख गावचे. पाचवीनंतर आठेक किलोमीटर पायपीट करून शिकले. मुर्मू यांनी शपथविधीनंतरच्या भाषणात सांगितले की, कॉलेजात जाणारी गावातली पहिली मुलगी त्याच. तिघांच्याही वाटेत पहिला अडथळा होता तो शाळेच्या अंतराचा. ते तिघे चालत राहिले. जे अर्ध्या वाटेतून परत फिरले, त्यांची नावे कुणाला ठाऊक आहेत?

अंतर दोन प्रकारचे असते. एक रस्त्याचे, दुसरे वर्गातले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा आंबेडकर नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. रस्ता संपला, पण वर्गात गोणपाट वेगळे. आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी ही दोन्ही अंतरे ओळखली. १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा निघाला आणि १९१८ मध्ये चिखलीला पहिली शाळा निघाली. मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड. म्हणजे शाळा गावात आणली. मग १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. म्हणजे गोणपाट उचलले. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये माणगावला महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर होते. माणगाव इथून काही परदेशात नाही!

अमेरिकेतही हेच झाले. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तरी १९५७ मध्ये लिटल रॉक गावी नऊ काळ्या मुलांना शाळेत पोचवायला सैनिक लागले. २००८ मध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, जगभर जल्लोष झाला. पण तिथल्या सरकारी शाळांचा बराचसा पैसा स्थानिक घरपट्टी-जमीनपट्टीतून येतो. गरीब वस्तीची शाळा त्यामुळे गरीबच राहते.

आता महाराष्ट्राकडे या. २०१७ च्या डिसेंबरात, म्हणजे कोविंद यांच्या निवडणुकीनंतर पाचच महिन्यांनी, दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळेत विलीन करण्याचे शासनाने जाहीर केले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' निघाली. तिचे म्हणणे असे की, पाच-सात पोरांना एकटा शिक्षक काय शिकवणार? मोठ्या शाळेत खेळ, प्रयोगशाळा, सोबती मिळतील. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण त्या छोट्या शाळा आहेत कुठे? गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीच्या वाड्यांवर, धनगरवाड्यांवर. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की गाडी येत नाही. आणि गाडी चुकली तर पोरगा कदाचित चालत जाईल, पोरगी घरी बसेल. शाहू महाराजांनी मिटवलेले अंतर पुन्हा रस्त्यावर येते ते असे.

आपल्या गडमुडशिंगीसारख्या मोठ्या गावाला याची झळ लगेच बसणार नाही. इथे दुसरेच दुखणे. ज्याला परवडते त्याचे पोर पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यावर, आपल्याच महाराष्ट्राच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना, सही झाली. त्यात खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयातही तोच निकाल टिकला. कोर्टात गेलेल्या पालकांचे आणि संस्थांचे हे उपकार. राष्ट्रपतींच्या निवडणुकीवर आपण किती बोललो आणि या निकालावर किती, हे ज्याचे त्याने बघावे.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आपल्याला मत नाही. मत आमदार-खासदारांना. महाराष्ट्राच्या एका आमदाराचे मतमूल्य १७५, आपले शून्य. जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र गोष्ट उलटी आहे. त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अध्यक्ष पालकांतूनच. यासाठी दिल्लीत कुणाच्या पाया पडायला नको.

'समितीला शाळा बंद पडण्यापासून वाचवता येते काय?' असे कुणी विचारील. थेट नाही, तो निर्णय शासनाचा. पण कलम २२ खाली शाळेचा विकास आराखडा ही समितीच तयार करते. खोल्या किती, शिक्षक किती कमी, पोरींसाठी स्वच्छतागृह आहे की नाही, कुठल्या वस्तीतून किती मुले येतात आणि किती अंतरावरून, हे त्यात लिहून ठेवता येते. अनुदानाचा विनियोग बघण्याचा अधिकारही समितीचाच. कागदावर अंतर लिहिलेले असेल तर विलीनीकरणाचा प्रस्ताव आला त्या दिवशी साहेबांपुढे ठेवायला काहीतरी हातात असते. बऱ्याच गावांत या समितीवर कोण आहे ते पालकांनाच माहीत नसते; मुख्याध्यापकांनी सह्या घेतल्या की झाली सभा. म्हणून इथे बसलेल्या आयाबायांना आमचे एवढेच सांगणे, की तुमच्या पोराच्या शाळेत पालकसभा कधी आहे ते सोमवारी जाऊन विचारा, आणि मागच्या वर्षीचा आराखडा वाचून दाखवा म्हणा.

जयभीम!