पाय घासत चाला, गरम पाणी जवळ ठेवा

आम्ही खाडीकाठच्या एका बचत गटातल्या बाया. सुकती लागली की टोपल्या घेऊन खाडीच्या मुखाशी तिसऱ्या काढायला जातो. रेडिओवरच्या ताई म्हणाल्या, तुमच्या कामातलं काहीतरी सांगा. आम्ही ठरवलं, पाकटाच्या काट्याबद्दल बोलायचं. मालवणकडच्या मैत्रिणी पाकटाला वागळी म्हणतात, मासा तोच.

पाकटाचं कालवण आपण सगळ्यांनीच खाल्लंय. पण बाजारात पाकट येतं ते बहुतेक वेळा शेपटी तोडून. त्यामुळे वर्षानुवर्षं पाकट रांधणाऱ्या बायकांनीही त्याचा काटा पाहिलेला नसतो. आमच्यातल्या निम्म्यांनी नव्हता पाहिला.

गेल्या थंडीत आमची एक वहिनी गुडघाभर पाण्यात पायाने तिसऱ्या चाचपत होती. एकदम किंचाळली. आधी वाटलं, काच लागली. बाहेर आणून पाहिलं तर घोट्याजवळ फाटल्यासारखी जखम आणि भळाभळा रक्त. थोड्या वेळात कळ पोटरीतून वर मांडीपर्यंत चढली. दोन बाळंतपणं घरात काढलेली बाई, पण वाळूवर गडबडा लोळत होती.

आणि आम्ही काय केलं? एकीने ओढणी फाडून पोटरीला करकचून बांधली. दुसरीने तंबाखूचा चुना भरला. तिसरी धावत जाऊन मासळीच्या पेटीतला बर्फ घेऊन आली. जिला जे सुचलं ते तिने मायेनेच केलं, पण कळ काही हलेना. रिक्षा मिळून आरोग्य केंद्रात पोचायला दीड तास गेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी ती ओढणी सोडली, जखम धुतली आणि गरम पाण्याची बादली मागवली. पाय त्यात बुडवला. अर्ध्या तासात वहिनीचं रडणं थांबलं, ती पाणी मागून प्यायली.

मैत्रिणींनो, पुळणीवर आम्ही होतो तिथून पन्नास पावलांवर चहाची टपरी होती. दिवसभर आधण उकळत असतं तिथे. दीड तास ती बाई उगाच तळमळली, हे आम्हाला अजून लागून राहिलंय.

गरम पाण्याने काय होतं, ते डॉक्टरबाईंनी सांगितलं. पाकटाच्या शेपटीवर करवतीसारख्या दातांचा काटा असतो. दात उलटे वळलेले, म्हणून आत जाताना भोक पाडतो आणि बाहेर येताना मांस फाडतो. काट्यावर पातळ कातडीचं आवरण असतं, त्यात विष. हे विष प्रथिनाचं आहे आणि ते उष्णतेने निकामी होतं. म्हणून बर्फ नाही, गरम पाणी. शिंगाळ्याचा काटा लागला तरी हाच उपाय.

पण गरम म्हणजे किती? पंचेचाळीस अंशांच्या वर नको. आपल्याकडे मोजायला काही नसतं, तर असं करा. जिला लागलेलं नाही तिने आपलं कोपर पाण्यात घालून बघायचं. चांगलं कढत लागलं पाहिजे, पण कोपर आत ठेवता आलं पाहिजे. जिला काटा लागलाय तिला विचारू नका. वेदनेने तिला काही कळत नसतं, ती म्हणेल अजून ओता, आणि पाय भाजेल. साखरेचा आजार असलेल्या बाईच्या पायाला तर आधीच कमी कळतं, तिथे दुप्पट सांभाळा. अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवायचा. पाणी निवलं की पाय बाहेर काढून नवीन गरम पाणी मिसळायचं, कोपराने बघायचं, मग पाय परत आत.

त्याआधी जखम धुवायची, रक्त येत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरायचं. वर आवळून बांधायचं नाही, ब्लेडने चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. चुना, हळद, शेण काहीही भरायचं नाही. काट्याचा बारीक तुकडा वरच दिसत असेल तर अलगद निघतो. खोल रुतला असेल तर डॉक्टरवर सोडा. आणि छातीत, पोटात, मानेत किंवा जांघेत काटा घुसला असेल तर त्याला हातही लावू नका. तिथे तो काढला की आतून रक्त सुटू शकतं. काटा हलू न देता १०८ ला फोन करा. रक्त थांबत नसेल, दम लागत असेल, सारख्या उलट्या होत असतील, शुद्ध हरपत असेल, तरीही बादलीत वेळ घालवू नका, थेट दवाखाना.

कळ थांबली म्हणजे काम झालं असंही समजू नका. आमची वहिनी दुसऱ्या दिवशी म्हणाली, बरी आहे मी. आठवड्याने पाय सुजला, पू झाला. एक्स-रे काढला तर काट्याचा तुकडा आत. महिनाभर तिचं काम बुडालं, हप्ता आम्ही मिळून भरला. म्हणून कळ गेली तरी डॉक्टरला दाखवायचंच, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. पुढे लाली पसरली, ताप आला तर लगेच परत जायचं.

आता लागूच नये म्हणून. पाकट आपल्या मागे लागत नाही हो. ते उथळ पाण्यात अंगावर वाळू ओढून पडलेलं असतं. पाय पाठीवर पडला की शेपटी उसळते. म्हणून पाय उचलून टाकायचा नाही, वाळूतून घासत पुढे सरकवायचा. वाळू हलली की ते आपणहून निघून जातं. आम्ही आता हातात काठी ठेवतो आणि पुढची वाळू टोचत जातो. रबरी बूट घातले म्हणून धीट होऊ नका, काटा त्यांच्यातूनही आरपार जातो. जाळ्यात आलेलं पाकट मेलेलं दिसलं तरी शेपटीला हात नको, मेल्यावरही काट्यात विष असतं.

गणपती तोंडावर आलेत, म्हणून हेही सांगतो. २०१३ साली मुंबईत गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या कितीतरी लोकांना पाकटांनी काटे मारले होते. तेव्हापासून तिथे विसर्जनाच्या वेळी पाकटांबद्दल सूचना देतात. आपल्या गावात कोण सूचना देणार? अंधार पडलेला, पाणी गढूळ, मूर्ती धरलेल्या पुरुषांना आपले पाय दिसत नाहीत. त्यांच्यापुढे काठी घेऊन एकाने चालावं, मागच्यांनी पाय घासत यावं आणि पोरांना कोरड्यातच थांबवावं. काठावर गरम पाण्याची किटली ठेवायचं काम आपण बायकांनी घेऊया. आरतीच्या तबकाबरोबर तीही निघेल.

आमच्या गटाने बचतीतून मोठा थर्मास घेतलाय. सुकतीला जाताना उकळतं पाणी भरून नेतो, बरोबर एक बादली आणि स्वच्छ फडकी. पाळी लावलीय. कोणालाच काही झालं नाही तर परतताना त्याच पाण्याचा चहा करतो. आजवर चहाच झालाय. या आठवड्याची पाळी वहिनीची आहे.